गट एकशे बारा

भट्टीप्रमुख: मॅडम, गाडी फाटकाशी उभी आहे. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. ऐकू आलं नाही, की ऐकायचंच नाही?

तपासनीस: दोन्ही वेळा आला. गाडी रिकामी परत पाठवा.

भट्टीप्रमुख: रिकामी? दोनशे प्लेटा खोक्यांत भरून तयार आहेत. तिकडे जाकिटं शिवून झालीयेत, माणसं वाट बघतायत.

तपासनीस: बघू द्या वाट. छातीवर लावायची सिरॅमिकची प्लेट घनतेत तीन पॉइंट ऐंशीच्या खाली नको, हा नियम तुमच्याच भट्टीच्या दारावर चिकटवलाय. ही तीन पॉइंट बहात्तर भरली.

भट्टीप्रमुख: ऐंशी आणि बहात्तर! एवढ्याशा फरकासाठी तुम्ही आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार?

तपासनीस: एवढासा फरक म्हणजे प्लेटच्या पोटात भोकं आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक. गोळी आपटली की चांगली प्लेट गोळीचं टोक चेपते. ही बिस्किटासारखी भुगा होईल. भुगा घालून पहाऱ्यावर कोण उभा राहणार, तुम्ही?

भट्टीप्रमुख: हे बघा ताई. मॅडमबिडम राहू दे, तुम्ही डबा घेऊन इथे यायचात तेव्हापासून ओळखतो मी तुम्हाला. एकोणीस वर्षं मी भट्टी लावतोय. भुकटी तीच, साचे तेच, माणसं तीच. मास्तर या टेबलावर होते तोवर एक गट परत गेला नाही. ते घरी बसले, तुम्ही आलात, आणि तीन आठवड्यांत पहिलाच गट नापास. आता भट्टी रातोरात बिघडली का तपासणारा हात बदलला, हे शेंबडं पोरही सांगेल.

तपासनीस: भट्टी बिघडलेली नाही, मला मान्य आहे.

भट्टीप्रमुख: मग झालं तर!

तपासनीस: झालं नाही. भट्टी बिघडली असती तर बरं झालं असतं.

भट्टीप्रमुख: हे असलं कोड्यात बोलणं तुम्ही कॉलेजात करा. मला वाटलंच होतं तुम्ही हटणार नाही. म्हणून मी मास्तरांना बोलावून घेतलंय. सल्लागार म्हणून त्यांची सही वर्षअखेरपर्यंत चालते, ऑफिसात विचारून आलोय. या मास्तर, या आत. बघा तुमच्या कन्येने काय मांडून ठेवलंय.

मास्तर: काट्याची जागा बदलली आहे.

तपासनीस: बाबा, बसा.

मास्तर: इथे बाबा म्हणायचं नाही. काटा खिडकीजवळ कोणी नेला?

तपासनीस: मी. आधी होता तिथे भट्टीच्या पंख्याने टेबल थरथरायचं.

मास्तर: अकरा वर्षं नाही थरथरलं. आता थरथरायला लागलं. चांगलं आहे.

भट्टीप्रमुख: मास्तर, टोमणे नंतर. तुम्ही फक्त मोजा आणि सही करा. ड्रायव्हर वैतागलाय.

मास्तर: कोणता तुकडा?

तपासनीस: चालू गटातला. प्लेट कापून तुकडा काढला, भट्टीवर वाळवला, पाच तास पाण्यात उकळला, त्याच पाण्यात थंड केला. कोरडं वजन चाळीस ग्रॅम बरोबर. आता पाण्यात टांगलाय. काटा दाखवतोय एकोणतीस पॉइंट पंचावन्न.

मास्तर: बुडबुडे?

तपासनीस: ब्रशने काढले.

मास्तर: तू काढलेस. मी बघितले नाहीत. एक बुडबुडा चिकटला तरी तुकडा पाण्यात हलका भरतो आणि घनता कमी दिसते, हे तुला सातवीत असताना मी न्हाणीघरात बादली घेऊन शिकवलंय.

तपासनीस: शिकवलंत. हा घ्या ब्रश, हे घ्या भिंग. तुम्हीच काढा.

मास्तर: हं... तार हलवू नकोस... नाहीत बुडबुडे.

तपासनीस: आकडा?

मास्तर: एकोणतीस पॉइंट पंचावन्न.

भट्टीप्रमुख: म्हणजे इथवर दोघांचं एकच. पुढे?

तपासनीस: पुढे तुकडा बाहेर काढायचा, वरवरचं पाणी पुसायचं आणि भिजलेल्याचं वजन घ्यायचं. भिजलेल्यातून पाण्यातलं वजन वजा केलं की तुकड्याचं आकारमान मिळतं. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. मास्तर, मी ओलं करून पिळलेलं कापड वापरते. एकदा टिपते, घासत नाही. हे बघा. चाळीस पॉइंट तीस.

मास्तर: ओलं कापड? ओल्याने ओलं पुसतेस?

तपासनीस: पद्धतीच्या कागदात तेच लिहिलंय. 'ओलसर कापडाने अलगद टिपावे.' पान तीन.

मास्तर: पान तीन मला वाचून दाखवू नकोस. पान तीन लिहिणाऱ्याने आयुष्यात किती तुकडे तोलले असतील? बाजूला हो. माझी पिशवी दे. हा पंचा बघ. आजही तुझ्या आईने धुऊन, उन्हात कडक वाळवून, घडी घालून दिलाय. अकरा वर्षं रोज एक. लॅबमध्ये स्वच्छता पाहिजे, कोरडेपणा पाहिजे. हे असं पुसायचं. कडा, कोपरे, पुन्हा एकदा सगळीकडून. ठेव काट्यावर.

तपासनीस: तुम्हीच ठेवा.

मास्तर: चाळीस पॉइंट शून्य तीन. कर हिशेब.

भट्टीप्रमुख: मी करतो. चाळीस शून्य तीन वजा एकोणतीस पंचावन्न, दहा पॉइंट अठ्ठेचाळीस. चाळीस भागिले... तीन पॉइंट ब्याऐंशी! पास! अहो ताई, एका पंच्यासाठी सकाळपासून माझं रक्त आटवलंत. मास्तर, इथे सही करा, इथे आणि इथे.

तपासनीस: थांबा. मास्तर, एकच तुकडा आहे. माझ्या कापडानंतर चाळीस तीस, तुमच्या पंच्यानंतर चाळीस शून्य तीन. मधलं सत्तावीस शतांश ग्रॅम पाणी कुठे गेलं?

मास्तर: पंच्यात.

तपासनीस: त्याआधी कुठे होतं?

मास्तर: तुकड्यावर. तू नीट पुसलं नव्हतंस.

तपासनीस: तेवढ्या पाण्याचे पाच थेंब होतात. पाच थेंब या बोटभर तुकड्यावर असते तर टेबलावर ओघळले असते. तुम्ही तो हातात धरलात. तुमच्या बोटांना ओलं लागलं?

मास्तर: नाही. बोटं कोरडीच आहेत.

तपासनीस: पाणी वर नव्हतं, आत होतं. भोकांत. तुमच्या कोरड्या पंच्याने ते बाहेर ओढून घेतलं. भोकंच मोजणीतून पुसून टाकलीत तुम्ही.

मास्तर: जीभ सांभाळ.

तपासनीस: मी आकड्यांबद्दल बोलतेय.

मास्तर: तू माझ्याबद्दल बोलतेयस! पहिल्या दिवसापासून तेच चाललंय. खुर्ची मिळाली, पोट भरलं नाही. आता बापाची अकरा वर्षं खोटी ठरवायचीत. मी हा धंदा ज्यांच्याकडे शिकलो ते विजेच्या खांबांवर तारा धरणाऱ्या चिनीमातीच्या चिमण्या तपासायचे. कोरडाच पंचा वापरायचे. त्यांचा एक नग कधी फुटला नाही.

तपासनीस: कारण त्या चिमण्यांवर काचेचा लेप असायचा. त्या पाणी पीतच नव्हत्या. त्यांना ओलं पुसा, कोरडं पुसा, फरक पडत नाही. या प्लेटांना लेप नाही, मास्तर. माल बदलला, तुम्ही पंचा बदलला नाही.

भट्टीप्रमुख: अहो, पण इतकी वर्षं माल बाहेर गेला, काही झालं का? पहिल्या प्लेटांवर गोळ्या झाडून बघितल्या होत्या. मी स्वतः हजर होतो. एक फुटली नाही.

तपासनीस: त्या छोट्या भट्टीतल्या होत्या. मोठी भट्टी आल्यावर कोणी गोळी झाडली?

भट्टीप्रमुख: गरजच काय होती? घनता पास होती ना.

तपासनीस: मास्तर, मी कपाटातले राखीव तुकडे काढले. दर गटातला एक तुम्ही जपून ठेवलेला, चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात तारीख. मोठ्या भट्टीच्या सात वर्षांतले नऊ निवडले आणि पुन्हा मोजले.

मास्तर: मला न विचारता?

तपासनीस: तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा आईने सांगितलं, ते झोपलेत. सकाळी अकराला.

मास्तर: माझ्या पाठीमागे माझं कपाट उघडलंस.

तपासनीस: कपाट कारखान्याचं आहे. नऊच्या नऊ तीन पॉइंट पंचाहत्तरच्या खाली आहेत.

मास्तर: तुझ्या ओल्या कापडाने काहीही खालीच येईल.

तपासनीस: मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार. म्हणून एक तुकडा वेगळा ठेवला. त्याला काटा नको, पंचा नको, कापडही नको. काल सकाळपासून लाल शाईच्या पाण्यात आहे. पाण्यासारखाच उकळून घेतलाय. दगड घट्ट असेल तर शाई वरच राहील. फोडायचा आणि बघायचं. हातोडी तुम्ही घ्या.

भट्टीप्रमुख: हा काय पोरखेळ लावलाय? शाई काय, हातोडी काय! मास्तर, तुम्ही सही करून मोकळे व्हा, मी निघतो.

मास्तर: कोणत्या गटाचा आहे?

तपासनीस: एकशे बारा.

मास्तर: मुद्दाम तोच काढलास.

तपासनीस: हो. मुद्दाम.

भट्टीप्रमुख: एकशे बारा म्हणजे? मला काही उमजू द्या.

तपासनीस: दोन वर्षांपूर्वी एका पहारेकऱ्याच्या छातीवरची, याच गटातली प्लेट गोळीने फुटली होती. जीव वाचला, एक फुप्फुस गेलं. तेव्हा त्याच्या वरिष्ठांनी आपल्याकडे विचारणा केली. उत्तर मास्तरांनी दिलं. फाइलमध्ये आहे.

भट्टीप्रमुख: तो प्लेट आपटणारा? त्याने ती आधीच कुठेतरी पाडली असणार, असं ठरलं होतं ना?

तपासनीस: कोणी ठरवलं? मास्तरांनी लिहिलं, 'राखीव तुकड्याची घनता तीन पॉइंट ब्याऐंशी, मालात दोष नाही, वापरात निष्काळजीपणा झाला असावा.' त्यावर त्या माणसाला कामावरून काढलं. निष्काळजी म्हणून. एका फुप्फुसाचा माणूस आता दुसरीकडे कोण ठेवणार?

मास्तर: मी 'असावा' लिहिलं होतं.

तपासनीस: वाचणाऱ्यांनी 'झाला' वाचलं.

मास्तर: त्याची बायको आली होती. या दारापर्यंत. म्हणाली, साहेब, हा माणूस चहाची कपबशीसुद्धा दोन हातांनी ठेवतो. मी तिला म्हटलं, बाई, आकडा खोटं बोलत नाही. आण ती हातोडी.

भट्टीप्रमुख: मास्तर, तुम्ही हिच्या नादी लागू नका.

मास्तर: तू गप्प बस. चष्मा कुठे गेला माझा... हं. फडक्यात गुंडाळ, कपच्या डोळ्यात जातील. सरका मागे.

(हातोडीचे दोन घाव. मग फडकं उलगडल्याचा आवाज.)

भट्टीप्रमुख: झालं का? काय आहे? बघू... आईशप्पथ.

मास्तर: शाई पार मधोमध गेली आहे.

तपासनीस: हो.

मास्तर: दुसरा कुठला गट आहे शाईत?

तपासनीस: बाबा, पुरे.

मास्तर: विचारलं त्याचं उत्तर दे!

तपासनीस: छोट्या भट्टीतला एक. कालच फोडला. हा बघा. वर लाल, आत पांढरा शुभ्र.

मास्तर: म्हणजे छोट्या भट्टीचा माल खरंच चांगला होता. मोठीचा नाही. का रे? छोटी भट्टी किती तास तापवायचास?

भट्टीप्रमुख: अठ्ठावीस.

मास्तर: आणि मोठी?

भट्टीप्रमुख: सुरुवातीला तीसच होते.

मास्तर: आता?

भट्टीप्रमुख: एकोणीस.

मास्तर: एकोणीस! मला कधी बोलला नाहीस.

भट्टीप्रमुख: माझ्यावर कशाला डोळे वटारता? तीसचे सव्वीस केले, तुमचा आकडा ब्याऐंशी. सव्वीसचे तेवीस केले, तुमचा आकडा ब्याऐंशी. तेवीसचे एकोणीस, तरी ब्याऐंशी! दर वेळी मी जीव मुठीत धरून तुमच्या कागदाची वाट बघायचो. मास्तर पास म्हणतात म्हणजे माल शिजलाय, असं समजून मी तास उतरवत गेलो. एकदा जरी तुम्ही नापास म्हणाला असतात तरी मी तिथेच थांबलो असतो. माझ्या भट्टीवर खापर फोडू नका. माझे डोळे तुमचा काटा होता.

मास्तर: माझा आकडा हललाच नाही, याची तुला शंका आली नाही?

भट्टीप्रमुख: तुम्हाला आली?

मास्तर: मला अभिमान वाटायचा.

तपासनीस: बाबा, खुर्ची घ्या.

मास्तर: तुझी खुर्ची मला नको. किती प्लेटा गेल्या? मोठ्या भट्टीच्या सगळ्या मिळून.

तपासनीस: नऊ हजार सहाशे.

मास्तर: आज किती लोकांच्या अंगावर असतील?

तपासनीस: ते आपल्याला कळायला मार्ग नाही. बहुतेक जाकिटात समोर एक, पाठीला एक. चारेक हजार माणसं धरा.

मास्तर: तू तीन आठवडे इथे आहेस. तुला कधी कळलं?

तपासनीस: परवा खात्री झाली. आज मालकांना भेटायची वेळ मागितली होती. त्यांनी सोमवारी बोलावलंय.

मास्तर: सोमवारी. आणि तू हो म्हणालीस.

तपासनीस: मी...

मास्तर: मला ओलं कापड शिकवणारी बाई सोमवारपर्यंत थांबणार होती. का? बापाची लाज झाकायला?

तपासनीस: हो! तीन वेळा फोन केला तो कशासाठी? तुम्हाला आधी कळावं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून. तुम्ही झोपेचं सोंग घेऊन बसलात. मी पण परवापासून झोपले नाही. मला वाटत होतं, कुठेतरी माझीच चूक सापडू दे.

मास्तर: त्या दोन दिवसांत कोणाच्या छातीवर काही बसलं असतं तर?

तपासनीस: माहीत आहे मला.

मास्तर: माहीत असून थांबलीस. मी निदान माहीत नव्हतं म्हणून चुकलो.

भट्टीप्रमुख: तुमचं घरचं भांडण घरी भांडा. मला सांगा, गाडीचं काय करू?

मास्तर: रिकामी पाठव. आणि ऑफिसातून कारखान्याचे छापील कागद घेऊन ये. मालाच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते पण.

भट्टीप्रमुख: पत्र? मालकांना न विचारता? मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? कारखान्याला कुलूप लागेल. दोनशे घरं आहेत या भट्टीवर. माझं पण त्यात आहे.

मास्तर: माझी सही वर्षअखेरपर्यंत चालते, असं तूच विचारून आलास ना? मग चालव.

भट्टीप्रमुख: ती सही माल सोडायला चालते.

मास्तर: सोडायला चालते ती अडवायलाही चालेल. जातोस, की मी जाऊ?

भट्टीप्रमुख: जातो. पण आधी मालकांच्या खोलीत जाणार. मग तुम्ही आणि ते. मला मधे घालू नका. या वयात तुम्हाला हे सुचतंय, मास्तर. लोक तोंडात शेण घालतील.

मास्तर: घालू देत. दार ओढून घे.

तपासनीस: तो मालकांना घेऊनच येईल. दहा मिनिटं आहेत आपल्याकडे. फार तर पंधरा.

मास्तर: मग बडबड कमी कर. लॅबचा कागद आहे का?

तपासनीस: आहे. पण पत्र माझ्या नावाने जाऊ दे. आता लॅब माझ्याकडे आहे. तुमचं नाव नको त्यात, लॅबने पुन्हा तपासणी केली एवढंच लिहू.

मास्तर: तुझी सही त्यांनी कधी पाहिली आहे? अकरा वर्षं प्रत्येक खोक्यावर माझी सही होती. ती बघून त्यांनी जाकिटं घातली. ती बघूनच उतरवतील. आणि माझ्यावर उपकार करू नकोस. मला ते तुझ्याकडून सहन होणार नाही.

तपासनीस: ठीक आहे. सांगा. मी टाइप करते.

मास्तर: पहिलं पत्र त्या पहारेकऱ्याच्या वरिष्ठांना. प्रत त्या पहारेकऱ्याला, त्याच्या घरच्या पत्त्यावर. फाइलमध्ये असेल.

तपासनीस: आहे.

मास्तर: 'गट एकशे बाराबाबत मी पूर्वी दिलेला अहवाल चुकीचा होता. मोजणीत चूक माझी झाली. प्लेट सदोष होती. आपल्या माणसाचा काहीही दोष नव्हता.' झालं?

तपासनीस: 'दोष नव्हता.' झालं.

मास्तर: 'असावा' वगैरे कुठे घालू नकोस.

तपासनीस: नाही घातलं.

मास्तर: आता बाकीच्या सगळ्यांना. वर मोठ्या अक्षरात 'तातडीचे'. खाली गटांचे आकडे, मोठ्या भट्टीचा पहिला सत्त्याहत्तर, तिथपासून कालपर्यंत. मग लिही, 'या प्लेटा गोळीपासून संरक्षण देतील याची खात्री नाही.'

तपासनीस: '...खात्री नाही.' बाबा, जिन्यात पावलं वाजतायत.

मास्तर: वाजू देत. लिही. 'तरी कृपया ही जाकिटं आजपासून कोणीही वापरू नयेत.'

तपासनीस: 'आजपासून... कोणीही... वापरू नयेत.' सही कुठे करता?

मास्तर: थांब. 'आजपासून' खोड.

तपासनीस: मग काय लिहू?

मास्तर: 'आत्तापासून.'